राखण

त्या वर्षी तळ्याचं पाणी जानेवारीतच खाली गेलं आणि जंगलातले हत्ती भाताकडं वळले. तिंबिरीवेव गावाच्या पूर्वेला विजेचं कुंपण होतं, पण एका थोराड नरानं त्यावर वाळलेलं झाड ढकलून तीन जागी तारा लोळवल्या होत्या. भाताचा दाणा नुकता दूध धरत होता. अजून पाच-सहा आठवडे राखण करावी लागणार होती.

शेतकरी मंडळाचा चिटणीस विजेपाल घरोघर फिरून राखणीच्या पाळ्या सांगत होता. तिलकसिरीच्या घराशी आला तसा तो फाटकाबाहेरच सायकलवरून उतरला आणि तिथूनच दोनदा खाकरला. घंटी वाजवली नाही. या घरात कुणी एकदम हाक मारत नसे, मागच्या बाजूनं येत नसे. तिलकसिरी ज्या उत्तरेतल्या लढाईत सैनिक होता ती संपून चौदा वर्षं झाली होती आणि गावानं हे अंगवळणी पाडून घेतलं होतं, एखाद्याच्या दारातलं चावरं कुत्रं अंगवळणी पडावं तसं.

तिलकसिरी फणसाच्या खोडाला पाठ लावून बसला होता. मांडीवर फवारणीचा पंप होता आणि तो बारीक तारेनं नळीचं तोंड साफ करत होता.

"अय्या, तुमची पाळी बुधवारपासून," विजेपाल म्हणाला. थोरल्या भावाला म्हणतात तसं तो त्याला अय्या म्हणे. "एक दिवसाआड. ऊन उतरायच्या आत मचाणावर यायचं. फटाके मंडळ देणार."

"येतो. पण फटाका नको."

"म्हणजे?"

"मी वाजवणार नाही. माझ्याबरोबर असेल त्यानंही वाजवायचा नाही. बॅटरी आहे, डबा बडवू."

विजेपालनं पान थुंकलं. "बॅटरीला हत्ती भीत नाही आता. उलट उजेडात बरं दिसतं म्हणून निवांत खातो." मग तो हसला. त्याच्या हसण्यात तसा दुष्टपणा नव्हता. "सतरा वर्षं बंदूक खांद्यावर घेऊन हिंडलात तुम्ही. आम्ही पोरं तुम्हाला बघायला रस्त्यावर यायचो. आणि आता काय, हत्तीला हात जोडणार?"

तिलकसिरीच्या हातातली तार नळीतच वाकली. त्यानं ती ओढून बघितली, निघेना. मानेवरची शीर वर आली.

सोमलता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं तवा खाली ठेवला, तोही आवाज न करता, आणि पदराला हात पुसत पुढं आली.

"मल्ली, यांची पाळी माझ्या नावावर लाव," ती म्हणाली. विजेपाल तिच्यापेक्षा लहान, म्हणून ती त्याला मल्ली म्हणे, धाकट्या भावाला म्हणतात तसं. "मी येते मचाणावर."

"बाई माणूस?"

"हत्तीला काय कळतंय बाई का बुवा."

विजेपालनं एकदा तिलकसिरीकडं बघितलं. तो खाली मान घालून तार काढत होता. मग विजेपालनं वही उघडली, एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

बुधवारपासून सोमलता राखणीला जाऊ लागली. बांधावरच्या कुंबुकाच्या झाडावर मचाण होतं. वर दोन बापे आधीच बसलेले असत. तिला जागा करून द्यायला ते सरकत आणि मग त्यांचं बोलणं बंद पडे. तिच्यामुळं त्यांना मोकळेपणानं पादताही येत नाही, असं एकानं दुसऱ्या दिवशी विजेपालला सांगितलं म्हणे. फटाका म्हणजे मनगटाएवढी जाड कागदी नळी. वात पेटवायची, तीन मोजायचं आणि लांब फेकायची. पहिल्या वेळी तिनं दोनच मोजले आणि घाबरून सोडून दिली. दुसऱ्या वेळी चार मोजले तेव्हा अंगठ्याचं कातडं भाजून निघालं. तिनं अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं पुढची नळी उचलली.

तिचं लक्ष हत्तींवर नसेच. फटाका वाजला की तिचे कान घराकडं लागत. नदीशाला, म्हणजे तिच्या सतरा वर्षांच्या लेकीला, तिनं सांगून ठेवलं होतं: संध्याकाळी रेडिओ मोठ्यानं लाव, खिडक्या लाव, तात्तांना आतल्या खोलीत बसव आणि तू दाराकडच्या बाजूला बस. त्यांच्याशी बोलत राहा, शाळेतलं काहीही सांग. नदीशाचं परीक्षेचं वर्ष होतं. ती बापासमोर पुस्तक उघडून पेशींची रचना मोठ्यानं वाचायची, आणि तिलकसिरी दोन्ही हात गुडघ्यात धरून ऐकायचा. बाहेर फटाका वाजला की तिचं वाक्य तुटायचं नाही. ती फक्त आवाज चढवायची.

"त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त येतं अम्मा," ती आईला म्हणाली. "परीक्षेला त्यांनाच बसवू."

सोमलता हसली. लेकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, तीही तिनं बघितली.

सहाव्या पाळीला मचाणावर चढून तिला अर्धा तासही झाला नव्हता. ऊन अजून बांधावर होतं. हत्ती एवढ्या लवकर येत नाहीत, म्हणून कुणी सावध नव्हतं. पाच हत्तींचा कळप आला तो पश्चिमेच्या बाजूनं, घरांच्या अंगानं. सोमलतानं बघितलं तेव्हा सगळ्यात पुढची मादी तिच्याच शेताच्या कडेला उभी राहून सोंडेनं भाताची मूठ उपटत होती आणि मुळाची माती पायावर झटकत होती. शेताच्या मागं दीडशे पावलांवर घर.

"तिकडं टाकू नका," ती म्हणाली. पण तोवर गावच्या चारही मचाणांवरून फटाके सुटले होते. घराघरांतून माणसं धावत आली, त्यांनीही टाकले. कुणी तिच्या अंगणाच्या कुंपणाशी उभं राहून टाकले. धूर पसरला. हत्ती आधी घरांकडं वळले, मग ओरडत तळ्याकडं गेले.

ती शिडी अर्धीच उतरली आणि तिथून उडी टाकली. घोटा मुरगळला. तशीच बांधावरून लंगडत पळाली.

घराचं दार उघडं होतं. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. चुलीवरचा भात करपून त्याचा वास घरभर झाला होता. आतल्या खोलीत पुस्तक पालथं पडलेलं. तिनं मोठ्यानं हाक मारली नाही. इतक्या वर्षांची सवय अशी, की तेव्हाही तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. घरामागं आली, तर केळीची पानं मोडलेली आणि चिखलात काहीतरी ओढत नेल्याची खूण. ती खूण पाटाकडं गेली होती.

पाटावर जिथं रस्ता जातो तिथं सिमेंटची मोरी आहे. त्या मोरीच्या तोंडाशी, हातभर पाण्यात, तिलकसिरी पालथा होता आणि त्याच्याखाली नदीशा. तिचं डोकं त्यानं आपल्या कोपराच्या खोबणीत धरलं होतं आणि उजवा पंजा तिच्या तोंडावर होता. तोंड आणि नाक, दोन्ही त्याखाली. तो रस्त्याकडं बघत होता. अगदी स्थिर, शिकवलेल्या माणसासारखा. नदीशाचे डोळे उघडे होते. पाय पाण्यात हलत होते, पण हळू, दमल्यासारखे.

त्याला मागून धरलं तर काय होतं हे सोमलताला माहीत होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचं मनगट मोडलं होतं ते त्यामुळंच. ती पाटात उतरली, वळसा घालून त्याच्या समोर आली, कमरेत वाकली. त्याचं नाव घेतलं, तर डोळ्याची पापणी हलली नाही. तात्ता म्हटलं. काही नाही.

मग ती रोज पहाटे त्याला उठवताना जे बोलायची तेच बोलली. "अहो, उठा. आपली पाण्याची पाळी आलीय. दारं धरायचंय."

त्यानं तिच्याकडं बघितलं.

"दारं धरायचंय," ती परत म्हणाली. "वरच्यानं पाणी सोडलंय. वाया चाललंय बघा."

त्याचा पंजा सैल झाला. फावडं शोधावं तसा तो हात त्यानं पाण्यात इकडंतिकडं फिरवला. सोमलतानं लेकीला काखेत धरून ओढलं आणि काठावर पालथं घातलं. तिच्या पोटातून पाणी आलं, मग भात आला. खालचा ओठ दातांवर फाटला होता. श्वास लागल्यावर ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "मी ओरडले नव्हते अम्मा. मी काहीच ओरडले नव्हते."

तिलकसिरी पाटात उभा होता. पाणी त्याच्या सारोंगमधून ओघळत होतं. त्यानं लेकीचं तोंड बघितलं, मग स्वतःचा हात. मग तो पाटातून उलट्या बाजूनं वर चढला आणि शेताच्या बांधावर जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत तिथंच बसला होता, त्याच्या पाठीशी काही नसताना.

दुसऱ्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही. चहाचा कप तिनं समोर ठेवला, त्यावर माशी बसली. दुपारी तो म्हणाला, "तिला पाठव."

"कुठं?"

"तुझ्या अक्काकडं. उद्याच."

नदीशा आतून ऐकत होती. ती दारात आली. खालचा ओठ सुजून बोटाएवढा झाला होता. "मी जाणार नाही. परीक्षा आहे. आणि मला काही झालेलं नाही."

तिलकसिरीनं मान वर केली नाही. "सोमा, तिला सांग, माझ्यासमोर उभी राहू नकोस म्हणावं."

"तात्ता, माझ्याशी बोला ना. मी इथंच आहे."

तो उठला आणि मागच्या दारानं गेला.

करुणावती अक्का कुरुनेगलला राहायची. ती दुसऱ्याच दिवशी आली. भाचीचा ओठ बघितला आणि बहिणीला चिंचेच्या झाडाखाली घेऊन गेली.

"तूही चल."

"भात उभं आहे अक्का."

"भाताचं निमित्त सांगू नकोस. मागल्या वर्षी गुरं होती, त्याच्या आदल्या वर्षी सासू होती. माझ्याकडं खोली आहे. शिवणाचं काम आहे."

"यांना जेवायला कोण घालणार?"

"आणि उद्या तुझ्या तोंडावर हात ठेवला म्हणजे? तुला काढायला कोण येणार?"

ते सोमलताच्या मनात राहिलं. नदीशा पुस्तकं घेऊन अक्काबरोबर गेली. त्यांची बस गेल्यावर सोमलतानं घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली, आपल्या तीन साड्या, जन्माचा दाखला आणि आईची सोन्याची बारीक साखळी वेगळी काढून एका पिशवीत भरली. सुगी झाली की जायचं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पिशवी मसाल्याच्या डब्यांमागं ठेवून दिली, आणि ती तिथं आहे एवढ्यानंच तिला दोन आठवडे नीट जेवण गेलं.

त्या दोन आठवड्यांत विजेपाल एकदाच आला. फाटकाबाहेरून नाही, आत आला, आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्का, माझा एक चुलतभाऊ असाच होता. त्यानं विहीर जवळ केली. तालुक्याच्या दवाखान्यात गुरुवारी एक डॉक्टरीण येते. मी तीनचाकीतून नेतो. गावात सांगू, गुडघ्याचं दाखवायला गेले."

तिलकसिरी नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो गुरुवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, ओसरीवर बसलेला होता.

दवाखान्यात त्या खोलीची रांग वेगळी होती, आणि ती औषधांच्या रांगेला लागूनच होती. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं या रांगेकडं बघत होती. शेजारच्या गावची एक ओळखीची बाई दिसली. तिनं आधी सोमलताला बघितलं, मग दारावरची पाटी वाचली, मग पदर नीट करत दुसरीकडं बघू लागली. तिलकसिरी भिंतीला पाठ लावून अडीच तास उभा राहिला. बाकावर जागा झाली तरी बसला नाही.

डॉक्टरीण लहान वयाची होती, नदीशाची मोठी बहीण वाटावी अशी. तिनं झोप किती येते, जेवण जातं का, दारू किती, असं विचारलं. तो एकेका शब्दात सांगत होता. मग तिनं कागदावरून मान वर केली. "त्या दिवशी लेकीच्या तोंडावर हात का ठेवला?"

"आवाज होऊ नये म्हणून."

"ती आवाज करत होती?"

"नाही." त्यानं इस्त्रीच्या सदऱ्याची घडी बोटानं दाबली. "तो करत होता."

"कोण?"

"होता एक. एकोणीस वर्षांचा. त्याला मी मल्ली म्हणायचो. आम्ही दोघंच राहिलो होतो खंदकात, बाकीचे मागं सरकले. त्याच्या पोटात लागलं होतं. तो कण्हायचा. वरून पलीकडची माणसं चालत होती, त्यांच्या चपला वाजत होत्या. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोन दिवस." तो टेबलाच्या कडेकडं बघत बोलत होता, आवाज सपाट, शेताचा कागद वाचावा तसा. "पहिल्या दिवशी तो हाताला चावायचा. दुसऱ्या दिवशी नाही चावला. हात ठेवायची गरज उरली नाही हे मला कळलं होतं. तरी मी काढला नाही. त्याच्या आईला चिठ्ठी गेली की लढताना मेला. मी तिच्या घरी गेलो होतो. तिनं मला दूधभात वाढला. मी खाल्ला."

डॉक्टरीण काही लिहीत नव्हती. बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारत होता.

दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. दर महिन्याला यायचं, आणि घरात त्यांना एकटं सोडायचं नाही, असं डॉक्टरीण सोमलताला म्हणाली. "आधी सुस्ती येईल. बरं वाटायला वेळ लागेल. तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही."

परत येताना तीनचाकीत विजेपाल पुढं वाकून खड्डे चुकवत होता. तिलकसिरीचा डोळा लागला होता, डोकं तिच्या खांद्यावर आपटत होतं. वीस वर्षं तिला वाटत होतं, हा माणूस एकदा बोलला तर बरं होईल. तो बोलला होता. आणि तिला आता राग यायला हवा होता, लेकीसाठी, मनगटासाठी, तो येत नव्हता. उलट त्या एकोणीस वर्षांच्या पोराचा चावरा दात तिला स्वतःच्या तळव्यात लागल्यासारखा झाला. आपल्यालाही त्या खंदकात ओढून घेतलं, असं तिच्या मनात आलं. हे ऐकलेलं माणूस पिशवी उचलून बसमध्ये बसू शकत नाही. तिनं ऐकायला नको होतं.

घरी आल्यावर तिनं मसाल्याच्या डब्यांमागची पिशवी काढली आणि साड्या पेटीत परत ठेवल्या. मग चुलीपुढं बसून ती खूप रडली, तोंडात पदराचा बोळा घालून, कारण तो पलीकडं झोपला होता.

मार्चमध्ये भात कापलं. चौथाई हत्तींनी खाल्लं होतं. गोळ्यांनी तिलकसिरीचं अंग जड झालं होतं. पेंढी उचलायचा आणि कुठं टाकायची हे विसरून उभा राहायचा. मळणीयंत्राचा पट्टा सुरू व्हायच्या आधी विजेपाल त्याला स्वतः येऊन सांगायचा, "अय्या, आता सुरू करतो हां." मग पोरं हसायची आणि तीही तेच म्हणायची, एकमेकांना पाण्याचा तांब्या देतानासुद्धा. तिलकसिरी ऐकून न ऐकल्यासारखा पोती ओढायचा. नवं भात अंगणातल्या मातीच्या कणगीत भरलं. माणूस उभा राहील एवढी उंच कणगी, वर गवताचं छप्पर, आणि बाजूला, कमरेच्या उंचीवर, लहानसं दार.

एप्रिलात नवं वर्ष. त्या सकाळी ठरल्या मुहूर्तावर घराघरांत चूल पेटते, नव्या मडक्यात दूध ठेवतात, आणि मुहूर्ताची घटका भरली की गावभर फटाके लागतात. सोमलता आदल्या आठवड्यात विजेपालकडं गेली.

"हत्तींचे मी थांबवले असते अक्का," तो म्हणाला. "वर्षाचे कोण थांबवणार? दुबईवरून पोरं आलीत. खोकीच्या खोकी आणलीत." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तेवढा एक दिवस कुठं तरी घेऊन जा त्यांना."

पण कुठं जाणार? त्या दिवशी त्या देशात फटाके लागत नाहीत असं एकही गाव नव्हतं.

नदीशाचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, "यंदा येऊ नकोस. मावशीकडंच कर सण."

"तात्ता म्हणाले का तसं?"

"मी म्हणते."

पलीकडून फोन ठेवला गेला.

आणि सणाच्या आदल्या दुपारी ती फाटकाशी उभी होती, पाठीवर पुस्तकांची थैली, हातात करुणावती अक्कानं दिलेला फराळाचा डबा. तिलकसिरी ओसरीवर होता. नदीशाच्या ओठाच्या डाव्या बाजूला बारीक पांढरी रेघ राहिली होती. त्यानं ती बघितली आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारून तो त्यांच्यावर बसला. नदीशा त्याच्या समोरून आली, त्याला दिसेल अशी, आणि पाया पडली. आशीर्वादाला डोक्यावर हात ठेवायचा असतो. त्यानं हात काढला नाही. ती थोडा वेळ वाकलेलीच राहिली, मग उठून आत गेली.

सकाळी सात वाजून एकेचाळीस मिनिटांचा मुहूर्त होता. सोमलतानं नवे कपडे घालून, दक्षिणेकडं तोंड करून अंगणातली चूल पेटवली आणि मडक्यात दूध ओतलं. शेजारच्या अंगणात पोरं फटाक्यांची माळ फांदीला बांधत होती. तिलकसिरी घराच्या दारात उभा होता. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, तोंड राखेसारखं झालं होतं, पण त्यानं पळ काढला नव्हता.

"सोमा, मला बांध," तो म्हणाला.

"काय?"

"खोडाला बांध. तिला घेऊन लांब जा. घटका भरायला पाच मिनिटं राहिलीत."

तिनं अंगणावरून नजर फिरवली. मग त्याला दंडाला धरलं, समोरून, आणि कणगीपाशी नेलं. दाराची फळी काढली. "आत चला."

तो वाकून आत शिरला. कमरेएवढं भात होतं, त्यात तो मांडीपर्यंत रुतला. ती मागोमाग गेली आणि त्याच्यासमोर बसली. भिंती वीतभर जाड मातीच्या होत्या. बाहेरचं बोलणं लांब गेल्यासारखं झालं. ती फळी आतून लावायला वळली, तर दारात नदीशा वाकलेली.

"तू चुलीपाशी राहा," सोमलता म्हणाली. "दूध वर यायला हवं."

"येईल त्याचं ते."

"नको," तिलकसिरी आतून म्हणाला. "तिला नको. सोमा, तिला नको आत घेऊ."

नदीशा आत आली. फळी तिनंच ओढून घेतली. अंधार झाला, आणि भाताचा उबट वास. तिलकसिरीनं दोन्ही हात कोपरापर्यंत भातात खुपसले आणि तिथंच मुठी आवळल्या. त्याच्या दातांचा आवाज येत होता. नदीशा बापापासून हातभर अंतरावर टेकली. तिचा श्वासही जोरात चालला होता. तीही घाबरली होती, आईला ते अंधारात कळत होतं.

पहिली माळ लागली. भिंतीतून आवाज आला, त्याहून जास्त तो बसल्या जागेवरून आला, भात हलून. तिलकसिरीच्या घशातून काहीतरी निघालं.

नदीशानं पेशींची रचना म्हणायला सुरुवात केली. पुस्तक नव्हतं. मध्ये ती अडली, पुढचं आठवेना. मग तिलकसिरीनं, दात आवळलेले असतानाच, पुढचा शब्द सांगितला. ती पुढं म्हणू लागली.

सोमलता दोघांच्या मध्ये सरकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भाताची कुसळं नव्या साडीतून टोचत होती. बाहेर दूध केव्हाच उतू गेलं असणार. ते कोणत्या बाजूनं सांडलं यावरून वर्ष कसं जाणार ते कळतं, आणि ते बघायला घरातलं कुणीच तिथं नव्हतं. चुलीवर दूध जळाल्याचा वास फळीच्या फटीतून आत येत होता. आता गाव थांबेल, असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा नवी माळ लागली. ती फटाके मोजत नव्हती. एका बाजूला त्याचा घामेजला खांदा होता, दुसऱ्या बाजूला लेकीचा, आणि पुढच्या वर्षीही हा मुहूर्त येणारच होता.